कार्ट्रिजमधला सेव्ह उडतोय? थांबा, लगेच उघडू नका

सुरुवात मी कशी माती खाल्ली तिथूनच करतो, म्हणजे तुम्ही तरी खाणार नाही. दिवाळीची साफसफाई चालली होती, माळ्यावरच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात माझं पोकेमॉन सिल्व्हर या गेमचं कार्ट्रिज सापडलं, आतेभावाने मस्कतहून आणलेलं, सोबत गेमबॉय कलर, म्हणजे ते ज्यात खोचून खेळायचं ते हातातलं यंत्र. दोन पेन्सिल सेल टाकले, चालू केलं आणि चक्क 'कंटिन्यू' आलं! शाळेतला सेव्ह, म्हणजे तेव्हा साठवून ठेवलेला खेळ, जसाच्या तसा. मला वाटलं आतला सेल एवढा जुना आहे, कधीही मान टाकेल, आजच बदलून टाकू. उघडलं, सेल उपटला, नवीन लावला, चालू केलं तर फक्त 'न्यू गेम'. नंतर तो काढलेला सेल सहज मल्टीमीटरला लावून बघितला तर २.८ व्होल्ट. म्हणजे त्यात अजून जीव होता हो, सेव्ह मीच मारला.

तर आधी हे समजून घ्या की सेव्ह असतो कुठे. जुन्या गेमबॉयच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह एसरॅम नावाच्या चिपमध्ये राहतो आणि त्या चिपला सतत थोडा थोडा करंट लागतो, तो मिळाला नाही की ती सगळं विसरते. गेम चालू असताना करंट गेमबॉय देतो, बंद असताना आतला ३ व्होल्टचा बटण सेल देतो. म्हणून सेल संपला की सेव्ह गेला, आणि सेल काढला तरी सेव्ह गेलाच, मग तुम्ही नवीन सेल कितीही झटपट लावा.

पण सगळ्या गेम्सचं असं नसतं आणि इथेच लोक घोळ घालतात. टेट्रिसच्या किंवा पहिल्या सुपर मारिओ लँडच्या कार्ट्रिजमध्ये सेव्हच नाही, त्यामुळे 'माझा हायस्कोअर उडतो' म्हणून उघडून बसू नका, तो पहिल्या दिवसापासून उडतोय. पोकेमॉन रेड, ब्लू, यलो यांच्यात सेल फक्त सेव्ह सांभाळतो. गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टलमध्ये तोच सेल सेव्ह पण सांभाळतो आणि दिवसरात्रीचं घड्याळ पण चालवतो, म्हणून हे गेम्स रेड-ब्लूपेक्षा नवे असूनही यांचे सेल आधी संपतात. गोल्ड-सिल्व्हर जपानमध्ये १९९९ ला आले, आता हिशोब करा. पुढे गेमबॉय अॅडव्हान्सच्या रुबी, सफायर, एमराल्डमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, तिला टिकायला करंट लागत नाही, सेल नुसता घड्याळाचा. त्यामुळे तिथे 'इंटर्नल बॅटरी हॅज रन ड्राय' असा मेसेज आला तरी रडायचं कारण नाही, सेव्ह जागेवरच आहे, फक्त बेरी (गेममध्ये लावायची फळं) वाढणं वगैरे घड्याळावरच्या गोष्टी थांबतात. फायररेड आणि लीफग्रीनमध्ये तर सेलच नाही. तुमच्या 'फायररेड'मध्ये सेल निघाला तर तो वेगळा विषय आहे, खाली येतोच त्याच्यावर.

रुबी-सफायरवाल्यांसाठी अजून एक. बेरी वाढत नाहीत पण सेल संपल्याचा मेसेज पण येत नाही, असं असेल तर दोष सेलचा नाही, गेममध्येच एक बग आहे, साधारण वर्षभर खेळल्यावर बेरी अडकतात. फायररेड, लीफग्रीन किंवा एमराल्ड लिंक केबलने (दोन गेमबॉय जोडायची तार) जोडून तो बग दुरुस्त करता येतो. उगाच सोल्डरिंग करू नका.

आता जुना सेव्ह उडालाच असेल तर खरंच सेल गेलाय का ते तपासू. नवीन गेम चालू करा, सेव्ह करा, बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा. सेव्ह नाही? मग सेल संपलाय नाहीतर त्याला बोर्डाशी जोडणारी धातूची पत्ती सुटलीये. सेव्ह आहे? मग कार्ट्रिज बाहेर काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. सकाळी गायब असेल तर सेल शेवटच्या घटका मोजतोय. आणि कधी असतो कधी नसतो, कार्ट्रिज जरा हललं की जातो, असं असेल तर बहुतेक पत्तीचं सोल्डर तडकलंय किंवा पिना, म्हणजे कार्ट्रिजच्या तोंडाशी असलेल्या सोनेरी पट्ट्या, घाण झाल्यात.

पिना साफ करणं हे पहिलं काम, सेल नंतर. आपल्याकडे, त्यातून मुंबईत नाहीतर कोकणात चार पावसाळे डब्यात पडलेलं कार्ट्रिज म्हणजे पिनांवर काळपट किंवा हिरवट थर असणारच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ९० टक्क्यांच्या वरचं, इअरबडवर थोडं घ्या आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने घासा, बड काळा निघायचा बंद होईपर्यंत, मग दहा मिनिटं वाळू द्या. हँड सॅनिटायझर चालेल का असं विचारणारे भेटतात, नाही चालणार, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर बसतो. डिओ तर नकोच. आणि फुंकर मारायची सवय सोडा राव, थुंकीतला ओलावा पिनांवर बसतो आणि गंज धरतो. बरं, गेमबॉयच्याच सेलच्या कप्प्यात साधे सेल फुटून पांढरा थर आला असेल तर तो पांढऱ्या व्हिनेगरने निघतो, बड ओला करून घासा आणि मग अल्कोहोलने पुसून घ्या.

सेव्ह अजून जिवंत असेल तर आता बॅकअप. यूएसबीला लावायचे कार्ट्रिज रीडर मिळतात, जीबीएक्सकार्ट, जीबी ऑपरेटर वगैरे, कार्ट्रिज खोचायचं आणि सेव्हची फाइल कॉम्प्युटरवर उतरवायची, सेल बदलला की तीच फाइल परत चढवायची. बाहेरून मागवावे लागतात, कस्टम्स लागू शकतं, स्वस्त नाहीत. पण मित्रामित्रांत एक घेतला तर परवडतो, आमच्यात एकाने घेतलाय आणि तो आता फिरता असतो. रीडर नसेल तर लिंक केबल आणि दुसरं कार्ट्रिज शोधा, ज्यांच्यावर जीव आहे ते पोकेमॉन तिकडे ट्रेड करून ठेवा, बाकी बॅज-पैसे जातील पण मंडळी वाचतील. काही जण गेमबॉय चालू ठेवून, कार्ट्रिज उघडं खोचून, चालू करंटमध्ये सेल बदलतात. होतं तसं, पण हात थरथरला आणि दोन पत्त्या एकमेकींना टेकल्या की सेव्ह तर जाईलच, चिप पण जाऊ शकते. पहिल्यांदा करणाऱ्याने तरी या भानगडीत पडू नये.

उघडायला साधा स्क्रू-ड्रायव्हर चालत नाही. गेमबॉय आणि गेमबॉय कलरच्या कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास स्क्रू-ड्रायव्हर लागतो, अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पात्यांचा, वाय आकाराचा. ऑनलाइन दोन्ही मिळतात. पेनाचं टोक वितळवून स्क्रूवर दाबायचा जुगाड मी केलाय, एकदा चालतो, दुसऱ्यांदा स्क्रूचं डोकं बरबाद. स्क्रू काढला की वरचा भाग किंचित खाली सरकवून मग उचला, सरळ ओढाल तर आतले खाचे तुटतात. आणि उघडल्या उघडल्या मोबाइलवर फोटो काढा, सेलची कुठली पत्ती बोर्डच्या कुठल्या पॅडवर (जिथे ती सोल्डर केलेली असते तो तांब्याचा तुकडा) ते स्पष्ट दिसलं पाहिजे.

कुठला सेल घ्यायचा हे इंटरनेटवर शोधण्यापेक्षा जुन्या सेलवर लिहिलेलं वाचा. गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर २०२५ असतो, रुबी-सफायर-एमराल्डमध्ये सीआर १६१६. आकड्यांचा अर्थ सोपा आहे, पहिले दोन म्हणजे व्यास, शेवटचे दोन म्हणजे जाडी. २०२५ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि २.५ जाड. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा २०३२ हा ३.२ जाड, तो टिकतो जास्त पण शेल, म्हणजे कार्ट्रिजचं बाहेरचं प्लास्टिक, फुगतं, मग कार्ट्रिज स्लॉटमध्ये अडकायला लागतं. जो होता तोच लावा.

आणि सेल पत्तीवालाच घ्या, म्हणजे ज्याला कारखान्यातच पत्त्या वेल्ड केलेल्या असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, तिथे विचारून बघा, 'टॅगवाला सेल' म्हटलं की कळतं. घड्याळवाल्याकडचा साधा सेल आणून त्यालाच डायरेक्ट सोल्डर मारायचं नाही म्हणजे नाही. लिथियमचा सेल आहे, तापला तर फुटू शकतो. चिकटपट्टीने दाबून बसवायचे पण व्हिडिओ आहेत, महिनाभर चालतं, मग कार्ट्रिज एकदा खिशात ठेवलं की पत्ती सरकते आणि सेव्ह गेला.

आता मेन काम. साधं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, टेम्परेचर सेट होत असेल तर ३५० डिग्रीच्या आसपास ठेवा. जुनं सोल्डर हट्टी असतं, पटकन वितळत नाही, म्हणून त्याच्यावर थोडं फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला लावायची पेस्ट) आणि थोडं नवीन सोल्डर टाका, दोन्ही मिसळून चमकायला लागलं की पत्ती चिमट्याने अलगद वर घ्या. ओढायची नाही. सोल्डर पूर्ण वितळायच्या आत ओढलं तर पत्तीबरोबर खालचं तांब्याचं पॅड पण उचकटून येतं, मग तार ओढून जोडत बसा. मायनसची पत्ती आधी, मग प्लस. पॅड साफ करा, बोर्डवर प्लस-मायनस छापलेलं असतं ते फोटोशी ताडून बघा, नवीन सेल बसवा, प्रत्येक पॅडवर दोन-तीन सेकंद, बास. सेलचं बाहेरचं सगळं भांडं प्लस असतं, त्यामुळे मायनसची पत्ती कडेला टेकली की शॉर्ट, तिथे पिवळ्या, उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपचा छोटा तुकडा लावा. शेल बंद करायच्या आधी मल्टीमीटरने मोजा, नवीन सेल साधारण ३.२ दाखवतो. ३ च्या खाली असेल तर दुकानात पडून शिळा झालेला माल आहे, परत करा.

मग पुन्हा तीच परीक्षा, नवीन गेम, सेव्ह, रात्रभर बाहेर. सकाळी सेव्ह असेल तरच बॅकअपची फाइल चढवा. रुबी-एमराल्डवाल्यांनो, सेल बदलल्यावर मेसेज जाईल पण जुन्या सेव्हमधल्या बेरी लगेच वाढणार नाहीत, कारण घड्याळ परत सुरुवातीपासून चालू झालंय आणि सेव्हला जुनी, पुढची वेळ आठवतेय. तुमचं काही चुकलेलं नाही. नवीन गेम सुरू केला तर सगळं ठीक चालतं.

आता डुप्लिकेटबद्दल. आपल्याकडे जी पोकेमॉनची कार्ट्रिजेस फिरतात त्यातली कितीतरी डुप्लिकेट असतात. मी स्वतः एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'ओरिजिनल' एमराल्ड घेतलं, पहिल्याच दिवशी बॅटरी संपल्याचा मेसेज, उघडून बघतो तर सेल बसवायची जागाच नाही. अॅडव्हान्सचं कार्ट्रिज न उघडता ओळखायचं तर पिनांच्या बाजूने आत बघा, सोनेरी पट्ट्यांच्या वर बोर्डवर निन्टेंडो असं बारीक छापलेलं असतं. नसेल तर शंका घ्या. 'वन एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड' असा मेसेज आला तर गेमला सेव्हची चिप दिसत नाहीये. ओरिजिनलमध्ये आला तर पिना साफ करून बघा, डुप्लिकेटमध्ये आला तर फारसं काही करता येत नाही. ज्या डुप्लिकेटमध्ये सेल असतो आणि सेव्ह जातो, तिथे सेल बदलून काम होतं, पण त्या बोर्डचे पॅड इतके नाजूक असतात की कष्ट घ्यायचे का ते तुम्हीच ठरवा.

काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी टेप लावून ई-कचऱ्यात द्या, टेबलावर सोडू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नाही, गिळलं तर तासाभरात आत जखम करायला लागतो. आणि शेल लावायच्या आधी आतल्या बाजूला मार्करने महिना आणि वर्ष लिहून ठेवा. माझ्या सिल्व्हरमध्ये लिहिलंय, शेजारी २.८ पण लिहिलंय.