अठरा वर्षांनंतरचे पालकत्व : नाशिकमध्ये अर्ज करण्यापूर्वी

मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप संपते, हे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या घरात बहुधा बँकेच्या खिडकीपाशीच कळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा. नाशिककरांनी त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

त्याआधी मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे, की पालकाची गरज नेमक्या कोणत्या निर्णयासाठी आहे, कारण समितीलाही हेच पाहावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील मर्यादित पालकत्वात तर निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून, दोघांनी मिळून घ्यायचा असतो. जो मुलगा रोज पंचवटीतून एकटा बसने कार्यशाळेत जातो, त्याचे कपडे आणि मित्र दुसऱ्याने ठरवू नयेत, असे मला ठामपणे वाटते.

समितीने नेमलेल्या पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी, तर दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. दुर्लक्ष किंवा अफरातफर केल्यास त्याला हटवता येते.