नॅनोकणांचा पेशींवरचा परिणाम तपासताय? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या अनेक महाविद्यालयांत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला हा प्रोजेक्ट ठरलेला असतो. कुठल्यातरी पानांचा अर्क काढायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं, द्रावण तपकिरी झालं की चांदीचे नॅनोकण तयार. सांगलीत चांदीच्या जोडीला हळद असते, म्हणजे कर्क्युमिनचे नॅनोकण. मग सॅम्पल पेशींवर टाकून एमटीटी टेस्ट (किती पेशी जिवंत राहिल्या ते रंगावरून सांगणारी) होते आणि रिपोर्टच्या शेवटी दोनपैकी एक वाक्य येतं: 'हे कण कॅन्सरच्या पेशी मारतात' किंवा 'हे कण सुरक्षित आहेत'.

मेहनत खरी असते, मुलं रात्री थांबून काम करतात. तरी यातले बरेच निष्कर्ष टिकत नाहीत, कारण एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो: प्लेट रीडरवर (रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर) दिसणारा आकडा पेशींचा आहे की कणांचा? पुढच्या बहुतेक चुका या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

चूक: कणांचाच रंग मोजणं

एमटीटी टेस्ट १९८३ साली टिम मॉसमन यांनी मांडली. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्माझान करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास ओडी (प्रकाश किती शोषला गेला त्याचा आकडा) घ्यायची. जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. साधी, स्वस्त आणि जलद टेस्ट आहे. पण ती आली तेव्हा समोर नॅनोकण नव्हते, आणि नॅनोकण या हिशेबात तीन ठिकाणी ढवळाढवळ करतात.

पहिली गोष्ट त्यांच्या रंगाची. चांदीचे छोटे गोल कण ४०० ते ४२० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात, सोन्याचे ५२० च्या आसपास. मीडियममध्ये (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवात) कणांच्या गुठळ्या झाल्या की सोन्याचं हे शिखर पुढे सरकतं, थेट फॉर्माझानच्या हद्दीत. दुसरी गोष्ट, कणांवरचा लेप स्वतःच एमटीटीला जांभळं करतो. वनस्पतीच्या अर्कातले पॉलिफेनॉल हे काम पेशी नसतानाही करतात. ज्या गुणामुळे त्यांनी चांदीचे कण बनवले, तोच गुण इथे आडवा येतो. तिसरं उलट्या दिशेनं घडतं: कार्बन नॅनोट्यूबसारखे कण तयार झालेलं फॉर्माझान धरून ठेवतात, ते विरघळत नाही, रंग कमी दिसतो आणि जिवंत पेशी मेल्या असं आपण लिहून मोकळे होतो.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. पेशी नसलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) तोच मीडियम, तेच कण, तोच डोस आणि एमटीटी घाला. बाकी सगळं तसंच करा. समजा साध्या ब्लँकची (पेशी आणि कण दोन्ही नसलेल्या वेलची) ओडी ०.०५ आली, कण न दिलेल्या पेशींची ०.८०, आणि कण दिलेल्या पेशींची ०.५५. नेहमीच्या हिशेबानं ०.५० भागिले ०.७५, म्हणजे ६७ टक्के पेशी जिवंत. आता कळलं की पेशी नसलेल्या वेलमध्ये नुसत्या कणांचीच ओडी ०.३५ आहे. ती वजा केली की ०.२० भागिले ०.७५, म्हणजे २७ टक्के. 'किंचित परिणाम' म्हणून सोडलेलं सॅम्पल प्रत्यक्षात बऱ्यापैकी विषारी निघालं.

ही वजाबाकीही शेवटचा शब्द मानू नका. पेशी काही कण गिळतात, काही धुताना निघून जातात, त्यामुळे दोन्ही वेलमध्ये कण सारखे राहत नाहीत. फॉर्माझान विरघळल्यावर प्लेट सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव नव्या प्लेटमध्ये घेतलं तर रीडिंग बरंच स्वच्छ मिळतं. तरीही नुसत्या कणांचा आकडा मोठा येत असेल तर या सॅम्पलसाठी एमटीटी सोडून द्या.

त्या जागी काय? वेगळ्या तत्त्वावरची टेस्ट: ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) घालून पेशी मोजणं, न्यूट्रल रेड (जिवंत पेशी आत घेतात तो रंग) किंवा कॉलनी मोजणं. एलडीएचकडे (फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेलं एन्झाइम मोजणाऱ्या टेस्टकडे) वळणार असाल तर जपून. चांदी हे एन्झाइमच निकामी करू शकते, मग पेशी फुटल्या तरी टेस्ट गप्प बसते. दुसरी टेस्ट आणखी एका कारणासाठी हवी. पेशी मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या, हा फरक एमटीटी सांगत नाही.

हळदवाल्यांसाठी थोडं जास्त

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यावर इथल्याच मुलांनी काम करावं हे योग्यच आहे. पण कर्क्युमिन हा टेस्टच्या दृष्टीनं फार अवघड रेणू आहे. तो ४२५ नॅनोमीटरच्या आसपास जोरदार प्रकाश शोषतो, स्वतः हिरवट चमकतो आणि एमटीटीला थेट जांभळंही करू शकतो. पेशींतला ऑक्सिडेटिव्ह ताण मोजायला आपण डीसीएफ वापरतो, त्याचा रंगही हिरवाच. फ्लो सायटोमीटरच्या (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या) हिरव्या चॅनेलमध्ये सिग्नल वाढला तर तो ताण आहे की हळद? डीसीएफ न घालता फक्त कर्क्युमिन दिलेल्या पेशींचं रीडिंग घेतल्याशिवाय हे सांगता येत नाही.

त्यात कर्क्युमिन टिकतही नाही. सिरम (रक्तातलं प्रथिनयुक्त द्रव) नसलेल्या, ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात त्यातलं जवळपास ९० टक्के मोडून जातं. सिरम असेल तर ते बरंच जास्त तग धरतं. म्हणून '२४ तास कर्क्युमिन दिलं' हे वाक्य लिहिण्याआधी २४ तासांनी मीडियममध्ये किती उरलं ते एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) बघा. नॅनोकणात बंद केल्यानं ते जास्त टिकतं, हाच तुमच्या कामाचा खरा मुद्दा असेल तर ही तपासणी टाळूच नका.

चूक: कण न धुता पेशींवर टाकणं

द्रावण तपकिरी झालं म्हणजे सगळी चांदी कणांत गेली असं नाही. मागे उरलेलं सिल्व्हर नायट्रेट पेशींना मारायला पुरेसं असतं, आणि श्रेय कणांना मिळतं. सोन्याच्या नॅनोरॉडच्या बाबतीत हे आधीच दिसलं आहे. सुरुवातीला रॉड विषारी वाटले, नंतर लक्षात आलं की त्यातला बराच वाटा मागे राहिलेल्या सीटॅब या साबणासारख्या रसायनाचा होता.

कण सेंट्रिफ्यूज करून, पाण्यात पुन्हा पसरवून, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. शेवटच्या धुण्याचं पाणी फेकू नका, तेच तुमचं कंट्रोल (तुलनेचं सॅम्पल) आहे. ते पेशींवर टाका. पेशी मेल्या तर दोष कणांत नाही, पाण्यात आहे. नुसत्या अर्काचंही वेगळं कंट्रोल लावा, कारण अडुळसा असो की कडुलिंब, अर्क स्वतः काही कमी नसतो.

धुतल्यावरही चांदी हळूहळू आयन सोडत राहतेच. पेशी कण गिळते, तो लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनाच्या पिशवीत) जातो, तिथलं वातावरण आम्लधर्मी, पीएच ४.५ ते ५. बाहेर शांत असलेला कण तिथे विरघळू लागतो आणि पेशीला आतूनच मार बसतो. झिंक ऑक्साइडचा विषारीपणा बराचसा असाच विरघळण्यातून येतो. म्हणून सिल्व्हर नायट्रेटचं कंट्रोल हवं, तेही त्याच मीडियममध्ये. मीडियममधलं क्लोराइड आणि सिरममधली प्रथिनं चांदीचे आयन पकडतात, त्यामुळे पाण्यातलं नायट्रेट आणि मीडियममधलं नायट्रेट यांचा परिणाम सारखा नसतो.

चूक: डोस मायक्रोलिटरमध्ये लिहिणं

'५० मायक्रोलिटर सॅम्पलला निम्म्या पेशी मेल्या' या वाक्याला काही अर्थ नाही. त्या ५० मायक्रोलिटरमध्ये चांदी किती होती? सॅम्पल नायट्रिक आम्लात विरघळवून अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर चांदी मोजून घ्या. नुसतं वाळवून वजन केलं तर अर्काचा गाळही चांदीच्या खात्यात जातो.

मायक्रोग्रॅम प्रति मिली लिहिलं तरी सगळं सांगून होत नाही. कण औषधासारखे विरघळून राहत नाहीत, जड असले की खाली बसतात, आणि पेशी तळालाच असतात. ९६ वेलच्या प्लेटमध्ये एका वेलचा तळ सुमारे ०.३२ चौरस सेंटिमीटर. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली असलेलं १०० मायक्रोलिटर घातलं तर वेलमध्ये १० मायक्रोग्रॅम कण जातात. सगळे खाली बसले तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३१ मायक्रोग्रॅम. शेजारच्या लॅबनं त्याच सॅम्पलचं २०० मायक्रोलिटर घातलं तर दुप्पट. कागदावर दोघांचा डोस एकच! म्हणून वेलमधलं आकारमान आणि तळाचं क्षेत्रफळ दोन्ही लिहा. आकारही लिहा, कारण तेवढ्याच वजनात १०० ऐवजी १० नॅनोमीटरचे कण घेतले तर त्यांची संख्या हजारपट आणि एकूण पृष्ठभाग दहापट होतो.

चूक: पाण्यातल्या कणांचं माप, मीडियममधल्या कणांचा निष्कर्ष

टीईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) फोटोत कण २० नॅनोमीटरचे सुटेसुटे दिसतात. तो फोटो वाळलेल्या थेंबाचा असतो. मीडियममध्ये मीठ आहे, त्यात कणांचे एकमेकांना दूर ढकलणारे विद्युतभार झाकले जातात आणि गुठळ्या होतात. सिरम असेल तर काही क्षणांत कणांवर प्रथिनांचं आवरण चढतं. त्याला २००७ पासून प्रोटीन कोरोना म्हणतात. पेशीला भेटतो तो हा आवरण चढलेला कण. त्यामुळे सिरमसह आणि सिरमशिवाय केलेल्या प्रयोगांचे निकाल एका तक्त्यात शेजारी ठेवू नका. डीएलएस (द्रवातल्या कणांच्या आकाराचं माप) आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या विद्युतभाराचं माप) पाण्यात घ्या, आणि तुमच्या मीडियममध्ये ० तासाला व २४ तासांनीही घ्या.

आपल्याकडे यात प्रवासाची भर पडते. कण इथे बनतात, डीएलएस एका गावी, पेशींवरची तपासणी कराड, कोल्हापूर किंवा पुण्याला. सॅम्पलची बाटली एप्रिलच्या उन्हात एसटीनं जाते आणि तिकडे नंबर लागेपर्यंत पडून राहते. तोवर चांदी आणखी विरघळलेली असते, तळाशी करडा थर बसलेला असतो. साठा थंड आणि अंधारात ठेवा, बाटलीवर बनवल्याची तारीख टाका, आणि पेशींवर टाकायच्या दिवशी निदान यूव्ही-व्हिजिबलचा आलेख पुन्हा काढा. शिखर रुंद झालं किंवा पुढे सरकलं असेल तर ते मूळचं सॅम्पल राहिलेलं नाही.

चूक: 'कण पेशीत शिरले' असं घाईनं लिहिणं

साध्या फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोपखाली पेशीवर चिकटलेला ठिपका आणि पेशीच्या आतला ठिपका सारखेच दिसतात. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर पेशीच्या एकेका थराचे फोटो घ्या. ४ अंशांना आणि ३७ अंशांना तोच प्रयोग करा. थंडीत एंडोसायटोसिस (पेशीचं कण गिळणं) जवळपास थांबतो, तरी सिग्नल तितकाच आला तर कण बाहेरच चिकटले आहेत. कणांवरचा डाय सुटून एकटाच आत गेला नाही ना, हेही बघा.

आकाराचा परिणाम सरळ रेषेत जात नाही. हीला पेशींवर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) सोन्याच्या गोल कणांचा २००६ सालचा प्रसिद्ध प्रयोग आहे: १४ आणि ७४ नॅनोमीटरपेक्षा ५० नॅनोमीटरचे कण जास्त आत गेले. 'लहान तेवढा आत' हे गृहीत धरू नका.

आणखी काही चुका, थोडक्यात

चँग लिव्हर नावाच्या पेशी 'निरोगी यकृताच्या' म्हणून वापरू नका. त्या हीला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी असल्याचं सिद्ध झालं आहे. सेल लाइन पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून घ्या आणि मायकोप्लाझ्मा (पेशींत लपून राहणारे बारीक जंतू) तपासा. ऑटोक्लेव्ह केल्यानं जंतू मरतात, एंडोटॉक्सिन (जंतूंच्या भिंतीतलं विष) राहतं. मॅक्रोफेज (रोगप्रतिकारक) पेशींवर काम असेल तर दाह कणांमुळे की एंडोटॉक्सिनमुळे, हा प्रश्न उभा राहतोच. जनुकीय दोषांसाठी बॅक्टेरियांवर होणाऱ्या एम्स टेस्टवर भिस्त ठेवू नका, बॅक्टेरियाच्या भिंतीतून कण सहसा आत जात नाहीत. आणि कास पठारावरून नमुने तोडून आणू नका, कणांसाठी परसातली तुळस पुरते.

एका निष्कर्षाबद्दल मात्र मनापासून सांगावंसं वाटतं. 'वनस्पतीपासून बनवले म्हणून सुरक्षित' असं लिहू नका. अर्क तुळशीचा असला तरी आत धातू चांदीच असतो. एका कॅन्सरच्या सेल लाइनवर २४ तासांत आलेल्या आकड्यावरून 'कॅन्सरवर उपाय' असंही लिहू नका. निरोगी पेशींवर तोच डोस दिला का, हे न विचारताच अशी वाक्यं बातमीत छापली जातात, आणि घरी आजारी माणूस असलेलं कुटुंब ती वाचतं. जैवतंत्रज्ञान विभागाची नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं गाईडसोबत एकदा तरी वाचा.

पैसे एकाच प्लेटचे असतील तर

कडेच्या ३६ वेलमध्ये फक्त बफर भरा, तिथलं पाणी लवकर उडतं आणि रीडिंग बिघडतं. आतले ६० वेल असे वाटा: पाच डोस पेशींसह, प्रत्येकी तीन, म्हणजे १५. तेच पाच डोस पेशींशिवाय, आणखी १५. कण न दिलेल्या पेशी ६, नुसता मीडियम ३. सिल्व्हर नायट्रेटचे तीन डोस मिळून ९. अर्क ३, शेवटच्या धुण्याचं पाणी ३. पेशी नक्की मारणारं पॉझिटिव्ह कंट्रोल ३. अमाइन लावलेले पॉलिस्टायरिनचे नॅनोकण मिळाले तर उत्तम. उरलेल्या ३ मध्ये पेशी आणि सर्वांत मोठा डोस, पण एमटीटी न घालता. पेशींनी गिळलेल्या कणांचा स्वतःचा रंग किती, ते त्या तीन वेलमधून कळतं.