भोकाच्या डावीकडे बघा

जुनी चिनी नाणी वाचायची माझी सुरुवात आत्याच्या पर्समधून झाली. लाल दोऱ्यात ओवलेली तीन पितळी नाणी, मधे चौकोनी भोक, भोवती चार चिनी अक्षरं. फेंगशुईच्या दुकानातली. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाली, "लक्ष्मी येऊ दे, असंच काहीतरी असेल." तसं काही नव्हतं. लिहिलं होतं 'छिएनलुंग थुंगपाओ'. छिएनलुंग (१७३६ ते १७९५) ही एका चिनी बादशहाच्या राजवटीची पदवी होती आणि पुढचं 'थुंगपाओ' म्हणजे नुसतं 'चलनी धन'.

मला चिनी येत नाही. तरी हे वाचता येतं, कारण नाण्यावर कुठलं अक्षर कुठे बसतं हे ठरलेलं असतं. आधी 'पाओ' शोधा, म्हणजे धन, ठेवा. चारातलं सगळ्यात गच्च भरलेलं अक्षर बहुधा तेच. वर छप्पर, छपराखाली रत्न आणि मडकं, तळाशी दोन पाय फुटलेली छोटी शिडी. ती शिडी म्हणजे शिंपली. कवडी तिथेही एके काळी चालायची, म्हणून पैशाशी नातं असलेल्या कितीतरी चिनी अक्षरांत ती डोकावते. हे अक्षर डाव्या हाताला येईल असं नाणं फिरवलं की ते सुलटं झालं.

मग उजवीकडे बघा. तिथे होडीच्या तळासारखा लांब फराटा ओढलेलं 'थुंग' असेल, तर वरचं आणि खालचं अक्षर मिळून राजवटीची पदवी. तेच 'थुंग' खाली असेल, तर वाचन घड्याळाच्या काट्याप्रमाणे: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. 'थुंग'च्या जागी कधी 'युएन' येतं, कधी 'चुंग'. दोन्ही वाचनांत 'पाओ' डावीकडेच संपतं. (इंग्रजी स्पेलिंग बघून 'टाँगबाओ' म्हणू नका. आपल्याकडे त-थ, प-फ वेगळे आहेत, त्याचा फायदा घ्या.)

माझी पहिली मोठी चूक 'खाययुएन थुंगपाओ'ची. थांग घराण्यात ७१३ ते ७४१ या काळाला खाययुएन म्हणतात, म्हणून पाकिटावर ऐटीत ७१३ लिहिलं. प्रदर्शनातल्या एका काकांनी ते हळूच खोडलं. हे नाणं ६२१ सालचं. इथे खाययुएन ही पदवी नाहीच, त्याचा अर्थ 'नवा आरंभ'. अक्षरं ओउयांग श्युन या नामांकित सुलेखनकाराची. मागे चंद्रकोर दिसली तर मेणाच्या नमुन्यात राणीचं नख रुतल्याची गोष्ट कुणीतरी सांगेलच. गोष्ट म्हणून ऐका.

दुसरी फजिती जपानी 'कानएइ त्सूहो'ची. शेवटची दोन अक्षरं तीच, म्हणून मी ते चिनीच धरलं होतं. व्हिएतनाम आणि कोरियाची नाणीही अशीच फसवतात. 'पाओ' सापडलं म्हणजे नाणं चिनी, असं नव्हे.

आता ताईत. आपल्याकडे रामटका देवघरात असतो, चलनात नाही, तशीच ही नाण्याच्या रूपातली शुभवस्तू. यावर राजवटीऐवजी आशीर्वाद: 'छांगमिंग फूक्वेइ', म्हणजे दीर्घायुष्य, संपत्ती आणि मान, नाहीतर 'च्वांगयुएन', म्हणजे राजदरबारच्या परीक्षेत पहिला ये. चित्रं असली तर ती मोठ्याने उच्चारून बघा. वटवाघूळ 'फू' आणि सौख्यही 'फू'. हरीण 'लू' आणि सरकारी पगारही 'लू'. आपल्याला अशुभ वाटणारं वटवाघूळ तिथे बाळाच्या गळ्यात चालतं!

गोंधळ घालतं ते 'चौयुएन थुंगपाओ'. उत्तरकालीन चौ घराण्याच्या बादशहाने ९५५ साली बुद्धाच्या कांस्यमूर्ती वितळवून ही नाणी पाडली. लोकांनी त्यात मूर्तीचं पुण्य पाहिलं, आजार बरे होतात असं मानलं, आणि पुढे कित्येक शतकं तीच अक्षरं घेऊन ताईत ओतले गेले. मागे ड्रॅगन आणि फीनिक्स असतील तर तो ताईत.

छिंग या मांचू घराण्याच्या काळातल्या नाण्याची मागची बाजू आधी डोक्यावरून जाते. ती मांचू लिपी आहे, आपली शिरोरेघ उभी करून तिला दात फुटावेत तशी. बहुतेक नाण्यांवर डावीकडे 'बो', म्हणजे मांचूतलं 'पाओ', उजवीकडे टाकसाळीचं नाव.

शिकण्यासाठी उत्तर सुंग घराण्याच्या काळातली नाणी घ्या. नऊशे वर्षं जुनी, तरी स्वस्त, कारण १०८०च्या सुमारास वर्षाला पन्नास लाख माळा ओतल्या जात, एका माळेत नावाला हजार नाणी. त्यात एकच मजकूर दोन वळणांत मिळतो, एकदा जुन्या मुद्रालिपीत, एकदा साध्या किंवा धावत्या अक्षरात. अशी जोडी शेजारी ठेवली की 'पाओ' कुठल्याही वेषात ओळखू येतं.

आत्याच्या तिन्ही नाण्यांवर, त्याच अक्षराखाली, तसाच एक फोड होता. तिन्ही एकाच साच्यातली, नवी. मी तसं सांगितलं. तिने दोरा नीट गुंडाळून ती पर्समध्ये परत टाकली. म्हणाली, "बादशहाचं नाव तरी खरं आहे ना?"