शेगडीवर पॉट फिलर बसवताय? भिंत फोडण्याआधी या चुका टाळा

किचनचं काम काढलं की हल्ली फोनमध्ये जपून ठेवलेला एक फोटो हमखास पुढे येतो. शेगडीमागच्या भिंतीतून निघालेला, दोन ठिकाणी दुमडणारा नळ आणि त्याखाली भलंमोठं पातेलं. "हा पॉट फिलर आपल्याकडेही बसवूया." घरोघरी किचनची कामं करताना मी याला सरसकट नाही म्हणत नाही. पण टाइल लागण्याआधी काही गोष्टी विचारून घेते, कारण नंतर विचारून उपयोग नसतो.

पाणी कुठलं येणार, हे न ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडे बहुतेक इमारतींत सिंकच्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं. त्याने भांडी घासतो, भाज्या धुतो. वरण-भाताला मात्र अनेक घरांत फिल्टरचंच पाणी लागतं. पॉट फिलर जोडला जातो तो टाकीच्याच लाइनला. मग महिनाभरात नळ नुसता शोभेला उरतो आणि पातेल्यात पाणी पुन्हा फिल्टरखाली भरलेल्या तांब्यातूनच पडतं.

"मग फिल्टरलाच जोडून द्या ना," असं लोक म्हणतात. घरगुती आरओ तासाला साधारण 15 ते 20 लिटर पाणी देतो, त्याची टाकी बहुधा 7 ते 10 लिटरची, आणि पाणी खाली येतं ते फक्त उताराने. पॉट फिलर शेगडीच्या बराच वर असतो. तिथे आलीच तर बारीक धार येईल.

अमेरिकेत स्थायिक झालेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक शहरांत नळाचं पाणी थेट स्वयंपाकाला वापरतात, दाबही चांगला असतो. शिवाय अर्धा किलो पास्ता उकडायला चार-पाच लिटर पाणी लागतं. आपल्या कुकरला दोन वाट्या तांदळाला लागतं किती?

वजनाचा अर्धाच हिशोब करणं

दहा लिटर पाण्याचं वजन दहा किलो, वर पातेल्याचं वेगळं. ते सिंकपासून शेगडीपर्यंत उचलावं लागू नये, एवढंच काम हा नळ करतो. पण पुरणाची डाळ शिजल्यावर? कट काढायला तेच पातेलं, आता उकळतं, दोन्ही कानांना फडकं धरून सिंकपाशी न्यायचं असतं. वाफ तोंडावर येते, रोळीत डाळ धपकन पडते, मनगटावर शिंतोडे उडतात. भाजण्याची खरी भीती इथे आहे, आणि इथे पॉट फिलर काही मदत करत नाही. कंबरदुखीमुळे हा नळ मागणाऱ्या एका काकूंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "भरायचं काय गं, मी तांब्या-तांब्याने भरतेच. ओतायला माणूस लागतो." त्यांच्याकडे आम्ही नळाऐवजी शेगडी सरकवून सिंकच्या जवळ आणली.

महिनाभर कॅलेंडरवर खूण करा: पाच लिटरच्या वर पाणी किती वेळा चढवलं? गणपती-दिवाळीपुरतंच असेल, तर भिंत फोडू नका. सिंकला उंच मानेचा, फिरणारा किंवा बाहेर ओढता येणारा नळ लावा. रोज डबे करणारं घर असेल, मोठं कुटुंब असेल किंवा सिंक दुसऱ्या टोकाला असेल, तर मात्र पॉट फिलर खरंच उपयोगी पडतो.

दाब आणि जागा न मोजणं

दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी नळापासून तीनच मीटर वर असेल, तर हाती येतो 0.3 बार. प्रेशर पंप नसेल तर पातेलं भरेपर्यंत ताटकळत उभं राहावं लागेल.

उंची ठरवताना घरातलं सगळ्यात उंच भांडं, म्हणजे बहुधा मोदकपात्र, शेगडीवर ठेवूनच मोजा. वर चिमणीही आहे, हे विसरू नका. आणि कढईत तळण चालू असताना नळाचं तोंड तिच्यावर कधीही येता कामा नये. तापलेल्या तेलात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते अंगावर उडतं. दुमडल्यावर तोंड मागच्या बर्नरवर येत असेल, तर जागा चुकली आहे.

एकच चावी बंद करणं

बहुतेक पॉट फिलरना दोन चाव्या असतात, एक भिंतीपाशी आणि एक तोंडाशी. पुष्कळ जण तोंडाचीच बंद करतात. मग दिवसभर सगळ्या सांध्यांवर दाब राहतो आणि वॉशर लवकर जातो. सिंकच्या नळातून गळलेलं पाणी निदान सिंकमधून वाहून जातं. इथे ते थेट बर्नरवर आणि ओट्यावर पडतं. थेंब गळू लागला तर स्टॉप कॉक (त्या लाइनचं पाणी बंद करायची चावी) बंद करून वॉशर किंवा कार्ट्रिज बदलून घ्या, जोर लावून चावी आवळत बसू नका.

धार बारीक झाली तर आधी तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. बोअरच्या पाण्याचे क्षार तिथेच साचतात. सांधे जड फिरत असतील तर बहुधा फोडणीचा तेलकट थर असतो. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. चार-पाच दिवस नळ वापरला नसेल, तर पहिलं तांब्याभर पाणी झाडांना घाला.

अजून मन ठरत नसेल आणि भिंत तशीही उघडी असेल, तर पाइप टाकून तोंड बंद करून ठेवता येतं. मात्र त्याचा स्टॉप कॉक सिंकखाली, हाताशी घ्या आणि तो बंदच ठेवा, म्हणजे पाइपात पाणी साचून राहणार नाही. प्लास्टर करण्याआधी लाइनला पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवायला प्लंबरला सांगा. सकाळी पंपावरचा दाबाचा काटा खाली आला असेल, तर सांधा गळतोय. आणि उघड्या भिंतीचा मोजायचा टेप लावून फोटो काढून ठेवा. चिमणी बसवायला येणारा माणूस ड्रिल नेमकं तिथेच मारतो.