पाणथळीतला रानगुलाब: अभ्यासाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

रानगुलाब म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिमालयाचे उतार येतात. रोझा क्लायनोफिला (Rosa clinophylla) हा रानगुलाब मात्र उष्ण सखल प्रदेशातला आहे. बंगाल-बिहारच्या नदीकाठांवर आणि ‘बील’ म्हणवल्या जाणाऱ्या पाणथळ तळ्यांच्या कडेला, पुढे बांगलादेश आणि म्यानमारात तो वाढतो. राजस्थानात माउंट अबूवरही त्याची नोंद आहे. पुराच्या पाण्यात बुडूनही तो तगतो. उष्ण हवामानात टिकणारे बागेतले गुलाब तयार करण्यासाठी कोडाईकनालच्या विरू वीरराघवन यांनी संकरात हीच जात वापरली. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.साठी हा विषय उत्तम आहे, पण तयारी न करता थेट जागेवर पाहणीला गेलात तर एक अख्खा हंगाम हातचा जातो.

पहिलं काम हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात. हावड्याच्या सेंट्रल नॅशनल हर्बेरियमचे जुने नमुने पाहा आणि प्रत्येक चिठ्ठीवरचं ठिकाण, तारीख, फुलं होती की फळं, हे तक्त्यात उतरवून घ्या. तुमच्या भागात कोणत्या महिन्यात जायचं, याचं उत्तर त्या तक्त्यातच मिळतं. जुन्या चिठ्ठ्यांवर बहुधा रोझा इन्व्होल्युक्रेटा हे नाव असतं, तेही शोधायला विसरू नका.

ओळख पटवताना भिंग हवंच. पानाच्या बुडाशी सरळ काट्यांची जोडी दिसते. उपपर्णांच्या (देठाच्या बुडाशी असलेल्या छोट्या पानांसारख्या भागांच्या) कडा कंगव्यासारख्या चिरलेल्या असतात. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, एकेकटं किंवा दोन-तीनच्या घोसात येतं. खाली मोठी सहपत्रं (फुलाखालची पानं) आणि फळावर दाट लव असते. फुलं मोठ्या गुच्छात असतील आणि कुक्षिवृंत (फुलाच्या मधल्या स्त्री-भागाच्या दांड्या) जुळून मध्ये एकच खांब झाला असेल, तर ती ही जात नव्हे. रोझा ब्रुनोनाय किंवा तिची कुणी भावंडं असतील. खरा घोळ होतो तो चिनी रोझा ब्रॅक्टिएटाशी. तिची सहपत्रंही अशीच असतात, पण काटे आकडेदार आणि पर्णिकांची (संयुक्त पानातल्या छोट्या पानांची) टोकं बोथट, गोलसर. क्लायनोफिलाच्या पर्णिका टोकाला निमुळत्या होतात.

परवानगीचे अर्ज हंगामाच्या किमान सहा महिने आधी द्या. माउंट अबू अभयारण्य आहे, तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नका. डीएनए किंवा बी परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचं असेल, तर जैवविविधता कायदा, 2002 खाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते.

मोजणीत बहुतेक जण एकाच जागी अडखळतात. झुडपाच्या फांद्या लवून जमिनीला टेकतात, मुळं धरतात आणि एकाच रोपाची जाळी होते. वीस खोडं मोजली आणि वीस रोपं लिहिली, की संख्या फुगते आणि धोका कमी दिसतो. म्हणून खोडांची संख्या आणि सलग जाळ्यांची संख्या हे दोन वेगळे रकाने ठेवा. डीएनएसाठी पानं दूरदूरच्या जाळ्यांतून घ्या आणि लगेच सिलिका जेलमध्ये टाका. प्रत्येक जागेची जीपीएस नोंद घ्या. जातींना किती धोका आहे हे ठरवणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत जातीने व्यापलेलं क्षेत्र 2×2 किमी चौकटींवर मोजतात, तेव्हा या नोंदी लागतात. जागा मात्र जाहीर करताना ढोबळच सांगा.

झाडाइतक्याच काळजीने पाण्याची नोंद ठेवा: काठापासून अंतर, पुराची खूण किती उंचीवर, पाणी किती दिवस उभं राहतं, कडेला भराव किंवा दगडी पिचिंग झालंय का. काठ बांधून काढला की कुणी एक फांदीही न तोडता ही जाळी संपू शकते. त्यामुळे संवर्धनाच्या आराखड्यात पाण्याचं पान नसेल, तर आमच्या मते तो आराखडा अपुरा आहे.

बी गोळा करताना त्या दिवशी पिकलेल्या फळांच्या 20 टक्क्यांवर जाऊ नका, आणि शक्य असेल तर 50 वेगवेगळ्या झुडपांतून थोडंथोडं घ्या. गर धुऊन बी सावलीत वाळवा. गुलाबाच्या बियांचं कवच कठीण असतं आणि सुप्तावस्था असते. थंड प्रदेशातल्या जातींसाठी लिहिलेलं कित्येक महिन्यांच्या गारव्याचं वेळापत्रक इथे डोळे झाकून वापरू नका. बियांचे तीन भाग करा: एक तसाच पेरा, बाकीचे दोन ओल्या वाळूत 4 अंशांवर, एक 4 आठवडे आणि दुसरा 8. न उगवलेलं बी कापून पाहा. आत गर्भच नसेल, तर दोष बहुधा परागीभवनाचा आहे.

हे शेवटचं कारण नेहमी भेटतं, कारण बरेच द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेले) रानगुलाब स्वतःच्या परागाने फळत नाहीत. बागेत एकच रोप किंवा त्याच्याच 15 ते 20 सेंमीच्या कलमांची रांग लावली, तर फुलं येतील, बी बहुधा धरणार नाही. शेजारी बागेतले गुलाब असतील तर बी धरू शकेल, पण संकरित. ते पुन्हा नदीकाठी लावणं मूळ वाणालाच घातक. म्हणून प्रत्येक ठिकाणची वेगवेगळ्या जाळ्यांतली रोपं एकत्र, इतर गुलाबांपासून लांब लावा, आणि बी हवं असेल तेव्हा कळीवरच जाळीदार पिशवी बांधून हाताने परागण करा. रोपाच्या पट्टीवर जाळीचा क्रमांक आणि तारीख पेन्सिलीने लिहा. शाई एका पावसाळ्यात धुऊन जाते.