ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना या चुका टाळा

गळीत हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि त्याआधी महिनाभर कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-अहिल्यानगरपर्यंत ट्रॉल्यांच्या खरेदीची आणि दुरुस्तीची लगबग चालते. या लगबगीत पहिला प्रश्न बहुतेक एकच विचारला जातो: आपला ट्रॅक्टर किती ओढेल? निवड चुकण्याची सुरुवात इथेच होते. 45 ते 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः सुमारे दोन टनांचा असतो आणि सपाट रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये, आपल्या कित्येक पट वजन हलवतो. पण तेच वजन उतारावर मागून रेटू लागले आणि ट्रॉलीला ब्रेक नसले, तर ते रोखण्याचे सगळे काम ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांवर येऊन पडते. त्यामुळे भरलेली ट्रॉली थांबणार कशी, हे आधी ठरवावे आणि बाकीचे साहित्य त्यानुसार घ्यावे.

ट्रॉलीचे ब्रेक हा ऐच्छिक खर्च समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वेग ताशी 20 किलोमीटरवरून 40 झाला की थांबवायची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ट्रॅक्टर मंदावताच ट्रॉली पुढे सरकून दांडीतील (ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या पुढच्या भागातील) सरकता भाग दाबला जातो आणि ट्रॉलीचे ब्रेक लागतात, अशी साधी रचना मिळते. ट्रॅक्टरच्या पेडलवरून चालणारे हायड्रॉलिक किंवा हवेचे ब्रेक त्याहून चांगले. सरकत्या दांडीच्या काही प्रकारांत मागे घेताना ब्रेक लागू नयेत म्हणून एक अडकण असते. ती अडकवून ठेवूनच खेपा करणारे चालक आहेत, आणि मग ‘ब्रेक बसवले, पण उपयोग नाही’ अशी तक्रार होते. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी एकमेकांना जोडलेले असावेत. नाही तर एकाच बाजूचे चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबून गिअर शोधत बसू नये.

जोडणीच्या उंचीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण येथे चूक दिसत नाही, ती जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. ओढ मागच्या आसाच्या मध्यरेषेच्या खालून लागली पाहिजे. ट्रॉली फसली म्हणून कोणी साखळी वरच्या लिंकच्या (अवजारे जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा आसाच्या वर अडकवतो, क्लच एकदम सोडतो, मागची चाके जमिनीत रुतून अडकतात आणि इंजिनाची सगळी ताकद पुढचा भाग उचलण्यात जाते. ट्रॅक्टर मागे उलटायला काही सेकंद पुरतात. भरलेली ट्रॉली जोडल्यावर स्टिअरिंग हलके लागत असेल, तर हे ‘पॉवर स्टिअरिंगचे सुख’ नसून पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याची खूण आहे. ट्रॅक्टरच्या एकूण वजनापैकी किमान 20 टक्के भार पुढच्या आसावर राहावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यासाठी पुढे वजनाच्या पाट्या बसवाव्यात किंवा हुकावरचा भार कमी करावा. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार नेहमीच हुकावर येतो, चार चाकी ट्रॉलीचा जवळजवळ येत नाही. म्हणून एकीसाठी घेतलेला हुक दुसरीला चालेलच असे नाही. दोन चाकी ट्रॉलीत ऊस मागच्या बाजूला जास्त भरला तर उलट परिणाम होतो: दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली डोलू लागते. डोलणे सुरू झाल्यास आधी भरण पाहावी, मग दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा, आणि चार चाकी असल्यास पुढच्या आसाच्या फिरत्या चकतीतील ढिलाई.

पिनेच्या जागी हाताला लागलेला बोल्ट किंवा सळईचा तुकडा ठोकणे ही सवय इतकी रुळली आहे, की ती चूक वाटतही नाही. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असे छापलेले असते, तेव्हा त्याचे पोलाद प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटन ताण सहन करते, 4.6 छाप्याच्या साध्या बोल्टची क्षमता त्याच्या निम्मी असते. झीजही हिशेबात धरावी: 30 मिलिमीटरची पिन झिजून 27 झाली, तर ती जेमतेम दहा टक्के बारीक दिसते, पण तिचे छेदक्षेत्र 19 टक्क्यांनी घटलेले असते. गाडी सुटताना आणि ब्रेक मारताना ‘खट’ असा धक्का बसत असेल, तर पिन आणि दांडीची कडी दोन्ही काढून बघावीत. कडीचे भोक लांबट झाले असल्यास केवळ नवी पिन घालून भागत नाही. पिनेला खालून अडकण आणि दांडीखालून फुलीसारख्या दोन साखळ्या असाव्यात, वळणापुरत्या सैल, पण जमिनीला न घासणाऱ्या.

दिव्यांची तक्रार बहुधा अर्थिंगची असते. ब्रेक दाबताच मागचा दिवा मंदावतो, कारण परतीचा प्रवाह गंजलेल्या हुकातून जात असतो. वेगळी अर्थिंगची तार ओढली की प्रश्न सुटतो. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी लावावी, तीही वाढ्यांखाली (उसाच्या हिरव्या शेंड्यांखाली) झाकली जाणार नाही अशा ठिकाणी.

शेवटी वजन. फडात डोळ्यांनी केलेला अंदाज चुकतो, कारण ओला ऊस आणि वाळलेला ऊस सारख्याच उंचीचे दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार, 2019 च्या दुरुस्तीनंतर, मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा टायर, बेअरिंग आणि ब्रेक यांचा विचार आधी व्हावा. पहिल्या दोन-तीन खेपांच्या काट्याच्या पावत्या नोंदणी पुस्तिकेतील वजनाशी ताडून पाहाव्यात, आणि त्या वजनाला भरण ट्रॉलीच्या कठड्याच्या किती वर येते, याची खूण रंगाने करून ठेवावी.