ओढ्यापलीकडचे सेन्सर परत जोडले, माझा अनुभव

निफाडकडं आमच्या द्राक्षबागेत मातीच्या ओलाव्याचे झिगबी (कमी पल्ल्याचं बिनतारी नेटवर्क) सेन्सर आहेत, पावसात मधल्या राउटरच्या (सिग्नल पुढं पाठवणारं यंत्र) डब्यात पाणी शिरलं, बोर्ड गेला आणि ओढ्यापलीकडचा अख्खा प्लॉट गायब. मेशमधले (एकमेकांमार्फत डेटा पुढं सरकवणारं जाळं) नोड, म्हणजे त्यातली यंत्रं, आपोआप दुसरी वाट शोधतात खरं, पण वाट असायला तर पाहिजे ना, तिथं तो एकच दुवा होता. नवा राउटर लावून पण भागेना, कॅनॉपी (वेलींच्या पानांचं छत) दाट झालेली आणि २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ओल्या पानांत पार जिरतो.

मग पलीकडं वेगळा कोऑर्डिनेटरच (नेटवर्क उभं करणारं मुख्य यंत्र) बसवला, पॅन आयडी (नेटवर्कचा ओळख क्रमांक) वेगळा, चॅनल पण वेगळा. नोड एकेक रीसेट करून परत जोडायचे, डोकेदुखी आहे ही. दोन्हीकडं ईएसपी३२ ला (छोटा कंट्रोलर बोर्ड) लोरा मॉड्युल (लांब पल्ल्याचा रेडिओ) लावलं, ८६५-८६७ मेगाहर्ट्झवालं, आपल्याकडं त्याला लायसन लागत नाही, आणि अँटेना जीआय पाइपवर मांडवाच्या चांगली वर घेतली (अँटेनाशिवाय मॉड्युल चालू करू नका, उडू शकतं). सगळा डेटा घरी रास्पबेरी पायवर (छोटा संगणक) एमक्यूटीटीत (यंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत) येतो. शॉर्ट अ‍ॅड्रेस (नेटवर्कनं नोडला दिलेले छोटे क्रमांक) दोन नेटवर्कांत सारखे निघू शकतात, म्हणून नोडच्या नावाआधी प्लॉटचं नाव टाका, नाहीतर ड्रिप भलत्याच प्लॉटला सुटेल.